बुरुड राजाचा कोट आणि वेळूची काडी

विरारच्या स्थानकावर उतरून पश्चिमेस आगाशीचा रस्ता धरला, की पूर्वी थोड्याच वेळात गर्दी मागे पडे आणि केळीच्या बागांचा गारवा अंगास लागे. सांप्रत तो गारवा भेटावयास बरेच पुढे जावे लागते. २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली, २०१४ साली आमचा तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात गेला, आणि वाड्यांच्या जागी मजल्यावर मजले चढले. तथापि आगाशीस भवानीशंकराचे देऊळ आहे, त्याचे तळे आहे, आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी अद्याप ओळखीच्या घरी मिळतात. ह्याच गावी आमची वडिलार्जित वाडी आहे. विहीर, नारळी, केळी, कुंपणाला वेळूचे एक जुने बेट, एवढाच तिचा पसारा. घरात आमचे ज्येष्ठ बंधू अण्णा, वहिनी, त्यांचे चिरंजीव व सूनबाई, आमच्या सौ. आणि आम्ही, असे सहा जण एका चुलीवर जेवतो.

आमच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मॅट्रिकच्या पलीकडे आमची मजल गेली नाही. संस्कृत मात्र वडिलांपाशी बसून शिकलो, आणि त्या शिदोरीवर शाळेत आयुष्य काढले. निवृत्तीनंतर आसपासची जुनी स्थळे पायी हिंडून पाहावी, त्यांविषयी वाचावे, हा छंद जडला. प्रस्तुतचा लेखही अशाच दोन स्थळांविषयी आहे. एक आमच्या दाराशी, सोपाऱ्यास. दुसरे मुंबईत माझगावास, आणि तेही चिनी लोकांचे. ह्या दोहोंचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो संबंध आमच्या घरातील एका तंट्याने जोडला; म्हणून प्रथम तंटा सांगणे भाग आहे.

आमचे पुतणे व सूनबाई दोघेही मुंबईस नोकरीला जातात. विरारहून चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. पहाटे पाचला उठावे, सहाच्या आत घर सोडावे, आणि रात्री आठला परतावे, हा त्यांचा नित्यक्रम. विरारच्या गाडीत चढणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्यास सांगून समजणार नाही. पुतण्यांनी गेल्या वर्षी गोष्ट काढली, की वाडीचा पूर्वेकडील भाग विकावा आणि त्या पैशांत मुंबईत राहण्यापुरती जागा घ्यावी. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "देवाचा कौल घेतल्यावाचून ह्या मातीचे ढेकूळही हलणार नाही."

कौल घेणे कोकणातील वाचकांस नवे नाही. देवाच्या पाषाणावर ओली फुले, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवावयाचे, गुरवाने गाऱ्हाणे घालावयाचे, आणि मग वाट पाहावयाची. उजवीकडचे पडले तर देवाची संमती, डावीकडचे पडले तर नकार. कौलाशिवाय लग्न ठरत नाही, विहीर खणली जात नाही, गावची जत्राही भरत नाही, अशी गावे कोकणपट्टीत अजून आहेत. अण्णांनी कौल लावला. फूल डावीकडचे पडले. पुतणे म्हणाले, पंखा चालू होता. पंखा बंद करून पुन्हा लावला; ह्या खेपेस उजवीकडचे पडले. अण्णा म्हणाले, एकदा दिलेला शब्द देव फिरवीत नाही, पहिलाच खरा. त्या दिवसापासून बापलेकांत आवश्यक तेवढेच बोलणे उरले. वहिनी स्वयंपाकघरात डोळे पुसू लागल्या. एका फुलाने घराचे दोन भाग केले. आम्ही दोघांच्या मधे, म्हणजे कोठेच नाही.

अशा दिवसांत एके रात्री सूनबाई जेवण वाढता वाढता आम्हांस म्हणाली, "काका, तुम्हांला जुन्या गोष्टी पाहावयास आवडतात ना? आमच्या कचेरीजवळ एक चिनी देऊळ आहे. तेथे वेळूच्या काड्या हलवून कौल घेतात. शनिवारी मला अर्धा दिवस सुटी आहे. येता का?"

आम्ही तत्काळ हो म्हटले. गाडीला दुपारी गर्दी थोडी कमी असते, तरी अंधेरीपर्यंत आम्ही एका पायावर उभे होतो. तेथे गाडी बदलून हार्बर मार्गाने डॉकयार्ड रोडला उतरलो. सूनबाई स्थानकावर वाट पाहत होती. तिचा चेहरा थकलेला वाटला. पण थकवा तर रोजचाच, म्हणून आम्ही काही बोललो नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, म्हणून येथे नमूद करतो.

नवाब टँक रस्त्याच्या बाजूस हे देऊळ आहे. बाहेरून पाहता हे देवालय असेल असे मनातही येऊ नये. दुमजली, साधे, लाल रंगाने ओळखावे असे घर. त्याचे नाव सी यूप कून. सी यूप म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातील ज्या चार परगण्यांतून खलाशी व कारागीर लोक देशोदेशी गेले, त्यांपैकी मुंबईच्या गोदीत येऊन राहिलेल्यांनी १९१९ साली हे देवालय उभारले. त्या काळी ह्या भागात चिनी वस्ती चांगली नांदत होती. १९६२ सालच्या चीनच्या युद्धानंतर देशातील पुष्कळ चिनी कुटुंबांवर संशयाची दृष्टी वळली. शेकडो कुटुंबांस राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले, आणि अनेकांनी पुढे देशच सोडला. माझगावची ती वस्ती पांगली. देऊळ मात्र राहिले. आपले घर उठले तरी देवापाशी दिवा लावणारा कोणीतरी मागे ठेवावा, ही माणसाची रीत सर्वत्र सारखीच दिसते.

खालच्या बाजूस करुणेची देवता ग्वानयिन आहे. नाव परके वाटले तरी ही आपलीच आहे. बौद्धांचा अवलोकितेश्वर चीनमध्ये गेला, आणि तेथे कालांतराने त्याचे स्त्रीरूप झाले. चिनी नावाचा अर्थ 'जगाची हाक ऐकणारी' असा आहे. आमच्या विरारच्या गाडीच्या वाटेवर बोरिवलीजवळ जी कान्हेरीची लेणी आहेत, त्यांत ह्याच अवलोकितेश्वराची एक मूर्ती आहे. तिच्या भोवती संकटांत सापडलेले प्रवासी कोरले असून तो त्यांस तारीत आहे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे न्याय व शौर्य यांची देवता. हा मुळात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभास शत्रूच्या हाती सापडून मारला गेलेला एक सेनापती. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून त्याची ख्याती, आणि म्हणूनच लोकांनी त्यास देव केले.

आता काडीविषयी. कँटनी बोलीत ह्या विधीस 'काउ चिम' म्हणतात. वेळूच्या एका नळ्यात अंक घातलेल्या चपट्या काड्या असतात. पुष्कळ देवळांत त्या शंभर असतात, कोठे साठ, कोठे अठ्ठ्याहत्तर. विचारणाऱ्याने देवापुढे गुडघे टेकावे, आपले नाव सांगावे, राहण्याचे ठिकाण सांगावे, आणि मग एकच प्रश्न मनात स्पष्ट मांडावा. नळा किंचित तिरपा धरून हलवीत राहिले, की काड्या खुळखुळ वाजत वर सरकतात, आणि शेवटी एक बाहेर पडते. दोन पडल्या तर त्या ग्राह्य नाहीत, पुन्हा आरंभ. पडलेली काडी खरीच आपली का, हे विचारण्याचीही सोय असते. चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे असतात, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ते जमिनीवर टाकावयाचे. एक सपाट व एक फुगीर पडले तर होय. दोन्ही फुगीर पडले तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देव हसला, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. हा शेवटचा प्रकार आम्हांस फार आवडला. आमच्या कौलात देव होय म्हणतो किंवा नाही म्हणतो. प्रश्न ऐकून हसण्याची मुभा आम्ही त्यास ठेवलेली नाही.

मग काडीवरील अंकाची चिठ्ठी काढावयाची. चिठ्ठीवर चार चरणांचे पद्य असते, एखाद्या जुन्या कथेचा संकेत असतो, आणि उत्तमोत्तमापासून कनिष्ठापर्यंत तिची प्रत लिहिलेली असते. त्याखाली विवाह, आजार, प्रवास, व्यापार, वाद, हरवलेली वस्तू अशा संसारातील बाबींस धरून फळ सांगतात. म्हणजे एकच पद्य, पण विचारणारा व्यापारी असेल तर त्याचा अर्थ निराळा, आजाऱ्याचा बाप असेल तर निराळा. अर्थ लावणारा मनुष्य देवळात बसलेला असतो, आणि चिनी देशांत तो एक स्वतंत्र व्यवसायच आहे.

सूनबाई गुडघे टेकून बसली. आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. तिने डोळे मिटले, ओठ हलले, आणि नळ्याचा खुळखुळाट सुरू झाला. आम्हांस वाटले होते, क्षणभरात काडी पडेल. परंतु ती बराच वेळ हलवीत राहिली. दोनदा थांबली, पुन्हा हलवू लागली. शेवटी काडी पडली. राखणदाराने अंक पाहून चिठ्ठी काढली आणि हिंदीत सांगितले, प्रत मध्यम. पद्याचा भाव असा, की नदीला पूर आहे, नावेची घाई करू नये. पण ज्याच्या हाती दोर आहे त्याने तो सोडूही नये. काठावरचा सोबती पाहावा. सूनबाईने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. काय विचारलेस, असे आम्ही पुसले नाही. आम्ही धरूनच चाललो होतो, की वाडीचेच विचारले असणार.

घरी आल्यावर चिठ्ठीचा भाव सांगितला मात्र, आणि पुन्हा वादास तोंड फुटले. अण्णा म्हणाले, "पाहा, परक्यांचा देवही घाई करू नका म्हणतो. वाडी विकू नये." पुतणे म्हणाले, "पूर कायमचा नसतो. पावसाळा संपला की व्यवहार करा, असाच अर्थ." वहिनी म्हणाल्या, काठावरचा सोबती म्हणजे आपला कुलदेव. आम्ही स्वतः पंडिती करून म्हटले, की दोर म्हणजे परंपरा. चार माणसांनी चार अर्थ काढले, आणि प्रत्येकाने तोच काढला जो काडी पडण्यापूर्वी त्याच्या मनात होता. ज्या मुलीने काडी काढली होती ती भांडी आवरीत होती. तिला कोणीच विचारले नाही.

त्या रात्री झोप येईना, म्हणून आम्ही पुस्तके काढून बसलो. काडीचा हा विधी चीनमध्ये फार जुना. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एका चिनी बौद्ध ग्रंथात शंभर पद्यांचा एक संच आहे. ती पद्ये वेळूवर अथवा रेशमावर लिहून पिशवीत घालावी आणि प्रश्न करणाऱ्याने एक काढावे, असे त्यात सांगितले आहे. ग्रंथ रचला गेला चीनमध्येच. पण ही पद्ये जगास देणारा म्हणून त्यात ज्याचे नाव घातले आहे, तो कोण म्हणाल? आपला ब्रह्मदेव! आपल्याकडे गर्गाचार्यांच्या नावावर 'पाशककेवली' नावाचा ग्रंथ आहे. त्यात चार बाजूंचा फासा तीनदा टाकून चौसष्ट दाने मानली आहेत, आणि प्रत्येक दानाचे फळ सांगितले आहे. १८९० साली मध्य आशियात कुचा येथे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक संस्कृत पोथी लागली. ती बावर पोथी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात वैद्यकाबरोबर पाशककेवलीच्याही दोन प्रती निघाल्या. म्हणजे आपले फासे रेशमाच्या वाटेने त्या दिशेस गेलेलेच होते. उत्तरेकडे घरोघरी असलेली रामशलाका प्रश्नावली ह्याच जातीची. दोनशे पंचवीस घरांतून एका घरावर बोट ठेवावे, आणि तेथून प्रत्येक नववे अक्षर जुळवीत गेले की नऊ चौपायांपैकी एक हाती येते.

आम्ही हे सर्व टिपून ठेवले, आणि मनात किंचित गर्वही झाला. परंतु फासा कोठून कोठे गेला हे कळले, म्हणून घरातील तंटा मिटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा व पुतणे दोन खोल्यांत बसलेले. घरात कोंडल्यासारखे झाले, म्हणून आम्ही सौ. व सूनबाईस घेऊन सोपाऱ्यास गेलो. आजचे नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. पश्चिम समुद्रावरील हे एक मोठे बंदर होते. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या बंदरांच्या वर्णनात त्याचे नाव आहे, आणि येथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा बौद्ध वाङ्मयात आहे. वस्तीच्या गजबजाटातून आत गेले, की झाडांच्या सावलीत विटांचा एक मोठा उंचवटा दिसतो. लोक त्यास पूर्वी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. वेळूच्या टोपल्या विणणारा कोणी राजा येथे राज्य करीत होता, अशी समजूत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा हा बुद्धाचा स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आत एक दगडी करंडा निघाला, त्यात एकात एक डब्या, सोन्याची फुले, आणि मातीच्या भिक्षापात्राचे काही तुकडे. करंड्यात ह्या डब्यांभोवती कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती बसविलेल्या होत्या. एवढ्या थोर पुरुषाच्या भिक्षापात्राची ही खापरे, असे मानून लोकांनी ती सोन्यात जपली होती.

स्तूपाच्या सावलीत बसून आम्ही मास्तरी सुरू केली. सोपाऱ्यास अशोकाच्या शिलाशासनांचे दोन तुकडे सापडले आहेत. आठव्या शासनाचा तुकडा १८८२ सालीच मिळाला. नवव्याचा पुष्कळ वर्षांनी, १९५६ साली, जवळच्या भुईगावास मिळाला. आठव्यात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या व करमणुकीच्या यात्रा करीत. आपण धर्मयात्रा सुरू केली. आणि नवव्याचा विषय तर नेमका आमच्या घरचा. त्याचा आशय असा, की लोक आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. विशेषतः स्त्रिया पुष्कळ क्षुल्लक व निरर्थक विधी करीत बसतात. ती करावी, पण त्यांचे फळ अल्प. खरे मंगल म्हणजे दासांशी व सेवकांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राणिमात्राविषयी संयम, आणि श्रमण-ब्राह्मणांस दान. दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका सम्राटाने हे आमच्या गावच्या दगडावर कोरून ठेवले होते, असे म्हणताना आमचा आवाज थोडा चढला असेल.

सूनबाई हसली. म्हणाली, "काका, राजाला विधी करणाऱ्या बायका दिसल्या. त्या का करतात, हे त्याने विचारलेले दिसत नाही."

आम्ही निरुत्तर झालो. सौ. मात्र तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांनी हळूच विचारले, "किती दिवस झाले ग?"

सूनबाईने मान खाली घातली. "तिसरा लागला, काकू." मग थोड्या वेळाने, एक एक शब्द सुटा करून, ती बोलली. दोन वर्षांमागे एकदा दिवस राहून गेले होते, ते घरात सर्वांस माहीत होते. ह्या खेपेस डॉक्टरांनी गर्दीचा प्रवास शक्य तो टाळा म्हणून सांगितले होते. "मी काडीला वाडीचे विचारलेच नाही. एवढेच विचारले, की रोज ह्या गाडीने जावे की नाही, आणि घरी हे सांगावे तरी कसे. ह्यांना ठाऊक आहे. म्हणूनच ते जागेची घाई करीत आहेत. पण मीच त्यांना बोलू दिले नाही. मी आता तोंड उघडले असते, तर वाडी विकण्यासाठी काढलेले निमित्त, असेच सर्वांना वाटले असते. नाही का?"

होय, तसेच वाटले असते. आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, आम्हांसही क्षणभर तसे वाटले असते. ज्या घरात दोनदा कौल लागला, परक्या देवाची चिठ्ठी आली, तिचे चार अर्थ झाले, त्या घरात ह्या मुलीस 'तुझे काय म्हणणे आहे' असे एकाने एकदाही विचारले नव्हते. तिला गुडघे टेकून आपले नाव सांगावयास सांगितले ते चिनी देवाने, आणि तुझा एक प्रश्न कोणता, हेही त्यानेच पुसले. 'जगाची हाक ऐकणारी' म्हणून ज्या देवतेचे कौतुक आम्ही कालच केले होते, तिच्यापुढे ती हाक घालण्याची पाळी आमच्या सुनेवर आली, कारण घरात ऐकणारे कोणी नव्हते.

पुढील गोष्ट थोडक्यात सांगतो. सौ.नी वहिनींस सांगितले, वहिनींनी रात्री अण्णांस. अण्णा बराच वेळ ओटीवर अंधारात बसले होते. सकाळी त्यांनी पुतण्यांस हाक मारली. कित्येक आठवड्यांनी ती हाक ऐकली. ते म्हणाले, "वाडीचे राहू दे. आधी तिची गाडी बंद कर." माटुंग्यास दोन खोल्या भाड्याने पाहिल्या. भाड्यास वाडीच्या उत्पन्नाचा व आमच्या निवृत्तिवेतनाचा हातभार लावला. वहिनी, ज्यांनी लग्नानंतर आगाशी सोडून चार दिवस बाहेर काढले नव्हते, त्या स्वतः सुनेबरोबर राहावयास गेल्या. पुतणे आम्हांस एकांतात म्हणाले, "काका, हे आधीच झाले असते तर मी विकण्याचे नावही काढले नसते." वाडीचा प्रश्न सुटलेला नाही, तो पुढे यावयाचाच आहे, आणि आल्यावर त्याचा विचार करू. परंतु आता तो वाडीचा प्रश्न म्हणून येईल, दुसऱ्या कोणाच्या न सांगितलेल्या दुःखाचा पडदा म्हणून येणार नाही.

अण्णा अद्याप आम्हांस ऐकवितात, की कौल खोटा नसतो. चिमाजी अप्पांनी वसईच्या स्वारीत वज्रेश्वरीस नवस केला, १७३९ साली किल्ला घेतला, आणि देवीचे देऊळ बांधले. आम्ही त्यांस सांगतो, की परंपरा सांगते ते खरे धरले, तरी अप्पांनी देवीस किल्ला मिळेल का असे विचारले नाही; मिळाला तर मी काय करीन, हे सांगितले. नवसात मनुष्य आपल्यावर काही घेतो. कौलात तो पुष्कळदा आपल्यावरचे देवावर टाकतो. अण्णांस हे पटले असे नाही; पण ते हसतात, आणि सध्या आम्हांस तेवढे पुरे आहे.

काडीत भविष्य असते, असे आम्ही म्हणणार नाही. शंभरांतील दुसरी कोणतीही पडती, तरी आमच्या घरात तिचेही चार अर्थ झालेच असते. तरीही त्या विधीचे नियम आम्हांस संसारात उपयोगी वाटले, म्हणून वाचकांपुढे ठेवतो. विचारणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे, म्हणजे प्रश्न कोणाचा आहे हे ठरावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. दोन काड्या पडल्या तर दोन्ही परत. देव हसला तर रागावू नये, प्रश्न पुन्हा मांडावा. आणि चिठ्ठी आली की तिची प्रत उत्तम की मध्यम एवढेच पाहून उठू नये, सबंध वाचावी. ह्यांत आमच्या पदरचा एक नियम घालतो: देवापुढे जाण्याआधी घरातील प्रत्येक माणसास, विशेषतः जे भांडी आवरीत असेल त्यास, एकदा बसवून विचारावे.

सूनबाईस आता सातवा महिना आहे, आणि डॉक्टर समाधानी आहेत. डोहाळजेवण वाडीतच, केळीखाली करावयाचे ठरले आहे. त्यासाठी अण्णा स्वतः वेळूच्या बेटातून चार कळक तोडून मांडवाची तयारी करीत आहेत. परवा त्यांनी पुतण्यांस विचारले, मांडव विहिरीच्या बाजूस घालावा की ओटीच्या? पुतणे म्हणाले, "तिलाच विचारू या." लगेच दूरध्वनी केला. ओटीच्या बाजूस घालावा, असे उत्तर आले; तेथे सावली जास्त वेळ टिकते म्हणून.